जुन्या पेट्रोल बोटीची फिलर होज आणि डेक फिटिंग बदलायचं आहे

खाडीकिनारा

नमस्कार मंडळी. २४ फुटी फायबरची बोट आहे, १९९६ची बांधणी, पेट्रोल इनबोर्ड, स्टर्नड्राइव्ह. डेकखाली अॅल्युमिनियमची टाकी, साधारण २०० लिटरची. पावसाळ्यासाठी बोट वर काढून ताडपत्रीखाली ठेवली आहे. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात सोडण्याआधी हे काम उरकायचं आहे.

लक्षणं अशी: टाकी अर्धी असेपर्यंत काही त्रास नाही. काठोकाठ भरली की केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो आणि पातळी उतरली की कमी होतो. बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत) पेट्रोल दिसत नाही. कॅनमधून नरसाळ्याने ओतताना दर चार-पाच लिटरला पेट्रोल उसळून वर येतं. फिल्टरच्या वाटीत पाणी सापडतं.

फिलर होज (डेकवरून टाकीत पेट्रोल नेणारी नळी) दीड इंची, लांबी अंदाजे दीड मीटर. व्हेंटची (टाकीतली हवा बाहेर सोडणारी) नळी पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), दोन-सव्वादोन मीटर. होजवरची अक्षरं पुसली गेली आहेत. क्लिपा गंजल्या आहेत. डेकवरची फिलर प्लेट क्रोम केलेल्या पितळेची आहे, तिचे दोन स्क्रू नुसतेच फिरतात. प्लेटखालून एक हिरवी पडलेली तार लोंबते आहे, दुसरं टोक कुठे गेलं कळत नाही.

मुंबईत नागदेवीच्या बाजारात दीड इंची ऑइल होज मीटरवर मिळते, ती चालेल का? व्हेंटही बदलावा लागेल का? ती तार गरजेची आहे का? आणि मधली मीटरभर होज बंद फ्लोअरखालून जाते, ती ओढायची कशी?

इंजिनखोली

तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ टाकीच्या वरच्या भागात दिसतंय.

फिलर होज एरवी रिकामी असते, तिच्यात फक्त वाफ असते. टाकी गळ्यापर्यंत भरली की होजच्या खालच्या भागात पेट्रोल उभं राहतं आणि जुन्या रबरातून पाझरतं. थेंब पडत नाही, कारण बाहेर येईपर्यंत त्याची वाफ झालेली असते. म्हणून बिल्ज कोरडं आणि केबिनमध्ये वास. खात्री करायची तर टाकी भरलेली असताना स्वच्छ सुती फडका होजवर घट्ट फिरवा आणि फडक्याचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर होज बाद. दोन्ही टोकांना आणि खालच्या वळणावर वेगवेगळा फडका वापरा, म्हणजे पाझर नेमका कुठे आहे ते कळतं.

ओतताना पेट्रोल उसळतं कारण टाकीतल्या हवेला बाहेर पडायला वाट नाही. व्हेंट तुंबलाय किंवा त्याची नळी कुठेतरी खाली झोळ खाऊन तिथे पेट्रोल साचलंय. वर काढलेल्या बोटीत एक कारण हमखास असतं: कुंभारमाशी व्हेंटच्या भोकात मातीचं घर करते. टाकीकडचं टोक सोडवून सायकलच्या पंपाने बाहेरच्या दिशेने हवा मारा. तोंडाने फुंकू नका.

पाणी येतंय ते झाकणाच्या ओ-रिंगमधून किंवा सैल प्लेटखालून. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून हे जास्त महाग पडतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि प्रमाण वाढलं की पाणी व इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाला बसतो. इंजिनाचा पिकअप (पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंड) तिथेच असतो.

आता होज. नागदेवीची ऑइल होज घेऊ नका. टँकरवर लावतात ती पेट्रोल होजही नको. तेल सोसणं आणि बंद बोटीत आग सोसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मरीन फ्युएल होजवर छापील खूण असते: ‘आयएसओ ७८४०’ किंवा ‘एसएई जे१५२७’, आणि सोबत प्रकार, म्हणजे ए१, ए२, बी१ किंवा बी२. ‘ए’ म्हणजे अडीच मिनिटांच्या आगीच्या चाचणीत टिकलेली, ‘बी’वर ती चाचणी झालेली नसते. १ आणि २ हे आकडे पाझर किती ते सांगतात: ए१मधून दर चौरस मीटरला दिवसाला जास्तीत जास्त १०० ग्रॅम, ए२मधून ३००. ए१-१५ असं लिहिलेलं असेल तर फक्त १५ ग्रॅम. फिलर आणि व्हेंटला किमान ए२ हवी. इंजिनाकडे जाणाऱ्या फीड लाइनला ए१ किंवा ए१-१५. होजवर तयार झाल्याचं वर्षही असतं. दुकानात बरीच वर्षं पडून असलेली घेऊ नका, रबर पडून पडूनही म्हातारं होतं. ई२०ला चालते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

जुनी काढल्यावर एक तुकडा उभा चिरून आतून पाहा. बाहेरचा थर अजून काळा, मऊ असतो आणि आतला थर दुमडला की बारीक आडव्या भेगा उघडतात, कधी पापुद्रा सुटून आत लोंबत असतो. बाहेरून पाहून होज चांगली ठरवणं का फसतं, ते त्या तुकड्यात दिसतं.

व्हेंट नक्की बदला. तो फिलरइतकाच जुना आहे आणि फ्लोअर एकदाच उघडायचा आहे.

उधाण

होज काढण्याबद्दल लिहितो.

आधी टाकी रिकामी करा. अर्धवट रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण वर वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये उतरून बसते, आणि हवेत सुमारे दीड टक्का झाली तरी पेटू शकते. हाताने चालवायचा पंप वापरा, इलेक्ट्रिक नको. पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये काढा आणि कॅन जमिनीवर ठेवूनच भरा. लक्षात असू द्या, १९३४च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विनापरवाना पेट्रोल ३० लिटरपर्यंतच साठवता येतं. ते लगेच गाडीत वगैरे वापरून टाका, गोदामात रांग लावू नका.

बॅटरीची दोन्ही टोकं काढा, किनाऱ्यावरून घेतलेली वीज बंद करा, सगळी झाकणं उघडी ठेवा. सकाळी काम करा, दुपारच्या उन्हात वाफ जास्त सुटते. ग्राइंडर, हीट गन, साधा ड्रिल यांतलं काहीही टाकीजवळ नको. कटाईला हॅकसॉ आणि वळणदार पात्याची सुरी.

क्लिपा सोडवल्यावर होज पिळून ओढायला जाऊ नका. टाकीचा निपल (ज्यावर होज चढते ती आखूड नळी) अॅल्युमिनियमचा, बुडाशी वेल्ड केलेला असतो, तिथे तडा गेला तर टाकीच बाहेर काढावी लागेल. होज निपलवर उभी चिरा, पण पातं धातूला लागेपर्यंत दाबू नका. निपलवर पडलेला उभा ओरखडा म्हणजे नव्या होजखालून गळतीची वाट. शेवटचा थर बोटांनी फाडून काढा. तारेची होज असेल तर तार साइड कटरने तोडा. निपल मोकळा झाला की लगेच रबरी बूच लावा. चिंधी कोंबू नका, ती आत जाते.

बंद फ्लोअरखालून ओढण्यासाठी जुन्या होजचाच उपयोग करा. दीड इंची लाकडी दांड्याचा सहा इंचाचा तुकडा घ्या, अर्धा जुन्या होजच्या टोकात आणि अर्धा नव्याच्या टोकात घाला. दोन्हीकडून होजमधून लाकडात आखूड स्क्रू मारा आणि सांध्यावर टेप गुंडाळून तो गुळगुळीत करा. मग एकाने डेककडून ओढायचं, दुसऱ्याने टाकीकडून साबणाचं पाणी लावत ढकलायचं. स्क्रू मारलेला तुकडा नंतर कापून टाकायचाच, म्हणून होज गरजेपेक्षा फूटभर जास्त घ्या.

नवी होज निपलवर चढत नसेल तर टोक दोन मिनिटं गरम पाण्यात धरा आणि आत भांडी धुण्याच्या साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा तेल नको, त्याने होज नंतर सरकते. किमान ३८ मिमी तरी चढली पाहिजे. आधी होजवर खडूने रेघ मारा आणि मग ढकला, नाहीतर पुरती बसली की नाही ते कळत नाही.

क्लिपा: फिलरला प्रत्येक टोकाला दोन, म्हणजे चार. पट्टी चार सूत रुंद, पूर्ण ३१६ स्टेनलेस, भोकं न पाडलेली. भोकांची पट्टी रबरात रुतते. होजचा बाहेरचा व्यास साधारण ५० मिमी असतो, म्हणून ४०–६० मापाची क्लिप घ्या, पण विकत घेण्याआधी होज मोजा. व्हेंटला २०–३२ची. दुकानात चुंबक न्या: पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साध्या लोखंडाचा अशा क्लिपा सर्रास मिळतात, आणि खाऱ्या हवेत आधी स्क्रूच जातो. दोन क्लिपांचे स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला ठेवा. पहिली क्लिप निपलच्या फुगवट्याच्या मागे, शेवटची होजच्या टोकापासून निदान ६ मिमी आत. ७ मिमीच्या नट ड्रायव्हरने साधारण ४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, रबर दबून क्लिप सैल पडते.

वायरिंगवाला

ती हिरवी पडलेली तार हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि लोक तीच विसरतात.

पेट्रोल होजमधून वाहताना स्थिर वीज साचते. डेकवरची धातूची प्लेट रबराच्या होजमुळे बाकी सगळ्यापासून सुटी पडलेली असते. ओतणाऱ्याचा कॅन किंवा नोझल तिला लागला की ठिणगी पडू शकते, आणि नेमकी त्याच जागी वाफ सगळ्यात दाट असते. म्हणून प्लेटपासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून इंजिनाच्या निगेटिव्हपर्यंत तार हवीच.

तार अमेरिकन ८ गेजची (एडब्ल्यूजी), म्हणजे साधारण ८.४ चौरस मिमी. आपल्याकडे ६ नंतर १० मिळते, तर १० घ्या, आणि ती कथिल चढवलेल्या तांब्याची असू द्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडतं आणि बाहेरून काही कळत नाही. लोहार चाळीत कथिलवाली मागितली तर मिळते. टोकांना दाबून बसवलेले लग (भोक असलेली धातूची टोकं) आणि त्यावर गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी. हे सगळं बाकावर करून घ्या, बोटीत हीट गन चालवू नका.

टाकीवर बहुधा एक भोक असलेली अॅल्युमिनियमची पट्टी वेल्ड केलेली असते, तार तिथे स्टेनलेस बोल्टने लावा. तांब्याचा लग सरळ अॅल्युमिनियमवर टेकवू नका, मध्ये स्टेनलेस वॉशर घाला. टाकीतल्या फिटिंगलाही तोच नियम: पितळेचं फिटिंग अॅल्युमिनियमच्या टाकीत थेट बसलं असेल तर त्या आट्यांभोवती पांढरी भुकटी दिसेल. ते अॅल्युमिनियम खाल्लं गेल्याचं चिन्ह. मध्ये स्टेनलेसचं निपल घालून वेगळं करा.

तारेचं उघडं टोक होज आणि निपलच्या मध्ये घालून क्लिप आवळतात, ही जुनी पद्धत कृपया करू नका. तारेच्या बाजूने पेट्रोल बाहेर येतं. होजमध्येच तारेचा स्प्रिंग असेल तर त्यावरही विसंबू नका, तो प्लेटला कुठेच जोडलेला नसतो.

काम झाल्यावर मल्टिमीटरने प्लेट ते टाकी मोजा: १ ओहमपेक्षा कमी हवं. आधी मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना लावून त्यांचा स्वतःचा रोध किती आहे ते बघा आणि तो वजा करा. प्लेटवर क्रोम आणि मळ असतो, म्हणून टोक घासून टेकवा. मोजणी टाकी जोडून, हवा खेळती करूनच करा.

आणि प्लास्टिकचं नरसाळं सोडा. धातूचं नरसाळं प्लेटला टेकवून धरा, धातूचा कॅन नरसाळ्याला टेकवा, मग ओता.

खाडीकिनारा

सर्वांचे मनापासून आभार. चौकशी केली तर दोन पर्याय आले: ए२, तारेचा स्प्रिंग असलेली, आणि ए१-१५, बिनतारेची. दुसरी महाग आहे. टाकीजवळ एक ९० अंशांचं वळण आहे, साधारण २०० मिमी जागेत. कुठली घेऊ? आणि प्लेटखाली सिलिकॉन लावून नवे, जरा जाड स्क्रू मारले तर चालेल ना?

इंजिनखोली

माझं मत ए१-१५. ए१ कुठेही ए२च्या जागी चालते, उलट नाही. केबिनमधला वास घालवायचा तर पाझर ३०० वरून १५ वर येणं हाच खरा फायदा. पैशातला फरक दीड मीटरपुरताच आहे.

उधाण

वळणाकडे पाहता मी तारेची सुचवेन. बिनतारेची होज २०० मिमीत वळवली तर आतल्या बाजूने चपटी होते आणि भरताना पुन्हा उसळेल, मूळ तक्रार तशीच राहील. तारेची होज वळण धरून ठेवते.

तरी ए१-१५च घ्यायची असेल तर उपाय आहे: वळणाच्या जागी ९० अंशांचं धातूचं एल्बो निपल घाला, दोन्ही बाजूंना दोन-दोन क्लिपा. पण मग चार क्लिपा आणि दोन सांधे वाढतात, ते फ्लोअरच्या झाकणाखाली हाताला लागतील अशाच जागी यायला हवेत. बंद भागात सांधा नको. शिवाय एल्बो धातूचा असल्याने त्यालाही तार जोडावी लागेल.

इंजिनखोली

वळणाचा मुद्दा मान्य. विकत घेण्याआधी दुकानात अर्धा मीटर होज वाकवून बघा: २०० मिमीत तिचा आकार गोल राहिला तर ए१-१५, चपटी झाली तर तारेची ए२. होजच्या कागदावर वळणाची किमान त्रिज्या दिलेली असते, तीही वाचा.

मार्ग मात्र दोन्हींचा एकच: डेकपासून टाकीपर्यंत सतत उतरता. मध्ये झोळ असेल तर तिथे पेट्रोल कायमचं साचतं आणि होज ए१-१५ असली तरी तिथूनच जाते. दर ४०–५० सेंमीवर आधार द्या, पण प्लायवुडची उघडी कड होजला घासणार नाही असं पाहा.

सिलिकॉन नको. पेट्रोल लागलं की ते फुगून सुटतं. पॉलिसल्फाइड सीलंट वापरा, इंधन सोसायला तेच बरं. प्लेट धातूची असल्याने काही अडचण नाही, काही प्लास्टिकना मात्र ते खातं.

जाड स्क्रू मारण्याआधी स्क्रू का फिरतात ते शोधा. डेकच्या दोन फायबर थरांमध्ये बाल्सा किंवा प्लायवुड असतं. प्लेटखालून पाणी मुरलं की ते कुजतं आणि स्क्रूला धरायला काही राहत नाही. प्लेट काढून भोकाच्या कडेला पेचकस टोचा. लाकूड ओलं, काळं, पिठासारखं निघालं तर तेवढा भाग वाकड्या खिळ्याने खरवडून काढा, पूर्ण वाळू द्या, मग घट्ट केलेला इपॉक्सी भरा. मोठ्या भोकाची कडही इपॉक्सीने बंद करा. इपॉक्सी कडक झाल्यावर नवीन भोकं पाडा. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा. बदलायचीच असेल तर प्लेट ३१६ स्टेनलेसची घ्या, मुंबईच्या दारूखाना भागात जुन्या जहाजांची फिटिंगं चांगली मिळतात, पण निपलचा बाहेरचा व्यास ३८ मिमी आहे का ते कॅलिपरने बघा. काही जुनी फिटिंगं दोन इंची असतात. झाकणावर पेट्रोल लिहिलेलंच असू द्या, शेजारी पाण्याची प्लेट असते आणि चुकीच्या भोकात ओतलं जातं.

आट्यांवर टेफ्लॉन टेप नको. तिचे तुकडे तुटून फीड लाइनच्या अँटी-सायफन व्हॉल्व्हमध्ये (नळी तुटली तरी टाकीतलं पेट्रोल आपोआप वाहू न देणाऱ्या) अडकतात आणि इंजिन वेगाला गुदमरतं. इंधन सोसणारी पेस्ट लावा, पहिला आटा कोरडा ठेवून.

उधाण

व्हेंटबद्दल राहिलं. नळी टाकीपासून सतत चढती, आणि बाजूच्या भोकापर्यंत पोचण्याआधी डेकखाली शक्य तितका उंच एक वळसा. तो नसेल तर लाटेचं पाणी सरळ टाकीत. भोकावरची बारीक जाळी काढून टाकू नका, बाहेरची ज्वाळा आत जाऊ नये म्हणून ती असते. मिठाने बुजली असेल तर गोड्या पाण्यात भिजवून ब्रशने साफ करा, वायर तुटलेली असेल तर फिटिंगच बदला. बोट वर असताना भोकावर विरळ कापड बांधा, म्हणजे हवा जाईल आणि माशी जाणार नाही.

चाचणी कशी करायची: इंजिनाकडचा फीड व्हॉल्व्ह बंद, फिलरला रबरी बूच, व्हेंटच्या बाहेरच्या टोकाला टी लावून एका बाजूला हातपंप, दुसऱ्या बाजूला पारदर्शक नळीचा ‘यू’ करून त्यात पाणी. पाण्याच्या दोन बाजूंत ७० सेंमी फरक म्हणजे १ पीएसआय. जुन्या टाकीला एवढं पुरे. नव्या बोटीला बांधणीच्या वेळी ३ पीएसआयवर तपासतात, पण १९९६च्या अॅल्युमिनियमवर मी तो भार टाकणार नाही. कॉम्प्रेसर तर लावूच नका, टाकीचे पत्रे फुगून वेल्ड उघडतं. दहा मिनिटं पाण्याची पातळी बघा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा. हे सावलीत, सकाळी करा. टाकीवर ऊन आलं की आतली हवा फुगते आणि छोटी गळती झाकली जाते.

वायरिंगवाला

पहिल्यांदा भरताना एक गोष्ट करा. अर्धी टाकी भरून ‘गळत नाही’ म्हणू नका, फिलर होज तेव्हा रिकामीच असते. बोट पाण्यात सोडण्याआधी, जमिनीवरच, पाच-पाच लिटर करत गळ्यापर्यंत भरा. फ्लोअरचं झाकण उघडं, बॅटरी तोडलेली. टाकीकडचा सांधा, एल्बो असेल तर तो, आणि प्लेटखालचा सांधा यांवर कोरडा पांढरा टिश्यू फिरवा. तासाभराने पुन्हा. नंतर बॅटरी जोडण्याआधी वाफ पूर्ण जाऊ द्या, आणि इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवा.

गळ्यापर्यंत भरलेली टाकी तशीच उन्हात ठेवू नका, पेट्रोल फुगून व्हेंटमधून बाहेर येतं. चाचणी झाली की दहा-पंधरा लिटर काढून घ्या.

खाडीकिनारा

यादी केली: तारेची ए२ दीड इंची पावणेदोन मीटर (दुकानात वाकवून बघितली, ए१-१५ चपटी झाली), व्हेंटला पाच सूत ए२ अडीच मीटर, क्लिपा मोठ्या ४ आणि छोट्या ४, कथिलवाली १० चौरस मिमी तार ३ मीटर, पॉलिसल्फाइड, इपॉक्सी, झाकणाची ओ-रिंग, व्हेंटचं नवं फिटिंग. प्लेटखाली लाकूड ओलं निघालं, साधारण चार बोटं रुंद. खरवडून दिवा न लावता वाळवतो आहे. ओ-रिंग नायट्राइलची घेऊ की व्हायटनची?

इंजिनखोली

व्हायटन. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ती जास्त टिकते, आणि एवढ्याशा रिंगमध्ये किमतीचा फरक नगण्य. बसवताना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, आणि दोन जादा घेऊन ठेवा, एक बोटीच्या टूलबॉक्समध्ये.